पडलेल्याला दिलेला हात

परभणी, ५ बहमन १३५१ फसली (डिसेंबर १९४१), दिवेलागण

नाक अजून ठणकतंय. पण राग नाकाचा नाही, हाताचा आहे.

आज शाळेच्या मैदानावर बॉक्सिंगची शेवटची लढत, मी आणि तहसीलदारांचा मुलगा. दुसऱ्याच फेरीत माझ्या ठोशाने तो आडवा झाला. ड्रिल मास्तर आकडे मोजू लागले. दहापर्यंत तो उठला नसता तर मी जिंकलो असतो. सातला मी वाकलो आणि त्याला हात दिला. का दिला? सहा वर्षं तालमीत वस्तादांनी तेच तर शिकवलं: चीत केलेल्या गड्याला आपणच उठवायचं. तो माझा हात धरून उठला आणि दुसऱ्या हाताने त्याने माझं नाक फोडलं. मी कोसळलो तो कोसळलोच.

ड्रिल मास्तर म्हणाले, "नजर है, दम है, पैर भी अच्छे हैं. मगर बॉक्सर का दिल पत्थर होना, मियाँ." त्यांचं काही वाटलं नाही. पण वस्ताद? जिंकणाऱ्याला फेटा बांधायला त्यांनाच बोलावलं होतं. बांधता बांधता तहसीलदारांना म्हणतात, "लय हुशार हायेत साहेबजादे. आमच्या तालमीतल्या पोराला तेवढी अक्कल न्हाई."

सातला हात दिला. मूर्ख!

मी पडलो तेव्हा वस्ताद माझ्यापासून दोन हात अंतरावर उभे होते. दहा मोजून झाले, लोक टाळ्या वाजवून थकले, तरी त्यांचा हात काही पुढे आला नाही. माझा मीच उठलो.