साडूच्या सुया

७ जानेवारी
काल साडूकडे जेवायला गेलो. त्यानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली : हे रिटायर्ड, घरीच असतात. सगळे हसले. हीसुद्धा. साडूला सोडणार नाही.

८ जानेवारी, सकाळी
मार्ग सापडला. साडूच्या लॅबनं पॅच काढलाय. त्यात केसाहून बारीक सुया, कातडीत शिरून विरघळणाऱ्या. पुढे त्यांतून औषध देणार म्हणे. पण वर्षानुवर्षं लावल्या तर अंगात काही साठून अपाय होतो का, हे आधी बघायचंय, म्हणून बिनऔषधाचे पॅच लावून घ्यायला माणसं हवीत. नाव दिलं. अपाय निघाला की परवानगी गेली. मग साडूही घरीच.

१५ जानेवारी
पहिला पॅच. सुया टोचल्याचं स्पष्ट जाणवलं. नर्सबाई म्हणाल्या, काका, अजून कापसानंच पुसतेय.

२ मार्च
नियम उत्तम आहे. पॅचमुळे असो-नसो, जे होईल ते सांगायचं; त्यांना नोंदवावंच लागतं. सांगितलं : खाज, जड डोकं, उजवा गुडघा. बाईंनी विचारलं, गुडघा कधीपासून? म्हटलं, सुयांपासून. ही म्हणाली, लग्नापासून.

१९ जून
केस गळतात, असं सांगितलं. बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि निमूट लिहून घेतलं. सभ्य बाई.

११ नोव्हेंबर
साडू आला होता. चेहरा पडलेला. कोणीतरी एकजण दर भेटीत नवं दुखणं आणतोय म्हणाला. त्याला नुसते नंबर दिसतात, नावं नाहीत. मी म्हटलं, बिचारा सोसत असेल. रात्री झोप छान लागली. उद्या निद्रानाश नोंदवायचा.

पुढचं वर्ष, ३० डिसेंबर
निकाल लागला. तुलनेसाठी अर्ध्या लोकांना बिनसुयांचे, नुसते चिकटपट्टीचे पॅच लावले होते. कोणाला कुठला, हे बाईंनाही माहीत नव्हतं. मी चिकटपट्टीवाला. आमच्या गटात तक्रारींचा असा ढीग पडला की त्यापुढे खऱ्या सुया अगदीच गरीब ठरल्या. साडूला परवानगी मिळाली.

संध्याकाळी तो केक घेऊन आला. आता नावं कळली होती. गळ्यात पडून म्हणाला, दादा, तुम्ही तारलंत. हिचे डोळे भरून आले.

केकला हात लावला नाही. दोन तुकडे खाल्ले, तेवढेच.