हान्सुएलीचं तळं आणि व्रेनीचे ट्राउट

हिंटरबाख, १९ जुलै २००३

चि. कोनीस, व्रेनीताईचे पोटभर आशीर्वाद, आणि महिनाभर पत्र नाही म्हणून पाठीत एक धपाटा.

माझे ट्राउट मासे मरताहेत रे. अंग काळवंडतं, पोट फुगतं, आणि जिथून ओढ्याचं पाणी हौदात पडतं तिथे तोंड वासून पडून राहतात. मासे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई काफ्लिश येऊन गेल्या. एक मासा चिरून दाखवला, मूत्रपिंड सुजून टम्म. म्हणाल्या, ओढ्यातल्या दगडांखाली शेवाळासारखे दिसणारे चिमुकले प्राणी असतात, त्यांच्या अंगात हा परजीवी वाढतो आणि पाण्यातून माशांत शिरतो. औषध नाही. वडिलांनी सुरू केलेले हौद माझ्या हातून बंद पडतात की काय, असं वाटतं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला लाकूड कापायची गिरणी आहे ना, तो हान्सुएली गेफेलर दर रविवारी वेणीसारखा गुंफलेला पाव घेऊन येतो. म्हणतो, व्रेनी, तुमचं गाणं ऐकून मासे जीव देत असतील. मी एकसष्टीची बाई, तरी कानापर्यंत लाल झाले. हसू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी व्रेनीताई


सफियन, २६ जुलै

ती. व्रेनीताईस, कोनीचा वाकून नमस्कार वि. वि. (पाठ दुखते, पण धपाट्याच्या भीतीने वाकलो.)

हसलो. बायकोला वाचून दाखवलं, तीही हसली.

आता कामाचं. काफ्लिशबाई परवा माझ्याकडेही आल्या होत्या. तोच परजीवी माझ्या माशांतही निघाला, आणि माझे मासे खुशाल उड्या मारताहेत. मी म्हटलं, बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. त्या म्हणाल्या, चुकत नाही, तुमचं पाणी भर उन्हाळ्यातही बारा अंशांच्या वर जात नाही. थंड पाण्यात परजीवी सुस्तावतो, मासा सावकाश त्याला पुरून उरतो, पुढे पुन्हा त्या रोगाने सहसा पडत नाही. पंधराच्या वर पाणी आठवडेच्या आठवडे राहिलं की परजीवी बोकाळतो आणि त्याच्याशी झुंजता झुंजता मासाच संपतो.

तेव्हा ताई, रोगाच्या मागे लागू नकोस, उन्हाच्या मागे लाग. तापमापक घे आणि ओढ्याकाठाने वर चालत जा. वाटेत पाववाले दाजी भेटले तर माझा नमस्कार सांग.

माया पातळ होऊ देऊ नये.
कोनी


हिंटरबाख, ३ ऑगस्ट

चि. कोनीस आशीर्वाद. दाजी म्हणून चिडवू नकोस, आता ते संपलं.

गेले तापमापक घेऊन. रानातून ओढा उतरतो तिथे चौदा. माझ्या हौदाशी एकोणीस. आणि मध्ये काय, तर हान्सुएलीचं तळं. त्याच्या आजोबांनी गिरणीसाठी पाणी अडवलेलं. गिरणी कधीची विजेवर चालते, पण तळं आहे तसंच, उथळ, दिवसभर उन्हात शिजत पडलेलं. आणि त्यात हा रोज सकाळी पाणघोड्यासारखा डुंबतो.

मी सांगितलं, बांध काढा. तो म्हणाला, आजोबांचा बांध आहे, आणि कोमट पाण्याने कोणी मरतं का, मी मेलो का? मी म्हटलं, तुम्हाला कल्ले नाहीत, आणि अक्कलही बेताचीच. आज त्याने पाव पाठवला, तो परत धाडला. गरम होता रे.

आठवण ठेव.
व्रेनी


गिरणी, हिंटरबाख, १० ऑगस्ट

रा. रा. कॉनराड यांस, हान्सुएली गेफेलरचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहितो. तुमच्या बहिणीने माझा पाव परत केला. तो खाववेना. काल त्या बाजारात गेल्या असताना त्यांच्या कुंपणावरून हौदात डोकावलो. मासे पाहिले. मग घरी येऊन बांधाच्या फळ्या काढल्या. पाणी निघून गेलं, तळाशी आजोबांचा एक बूट निघाला. ओढा जुन्या वाटेने वाहतो आहे. काठाला सावलीसाठी कोणती झाडं लावावीत, ते कळवावं. त्यांना विचारायची हिंमत नाही.

ओळख वाढावी ही इच्छा.
हान्सुएली


हिंटरबाख, २२ ऑगस्ट २००४

चि. कोनीस आणि वहिनीला ताईचे उदंड आशीर्वाद, पुरून उरतील इतके.

उन्हाळा संपत आला आणि पाणी एकदाही पंधराच्या वर गेलं नाही. काफ्लिशबाईंनी मासे तपासले. परजीवी आहे, सूज होती ती उतरते आहे. पिल्लं हौदभर नाचताहेत. तू सांगितलेली आल्डरच्या झाडांची रोपं माझ्या कमरेएवढी झाली, ती सावली देईपर्यंत हान्सुएली स्वतःच छत्री धरून उभा राहतो, असं गाव म्हणतं.

तळं गेलं तरी डुंबायची खोड जात नाही. काल वाहत्या ओढ्यात उतरला. मी काठावर. गळ्यापर्यंत बुडालेला, ओठ निळे, दात वाजताहेत, आणि माझ्याकडे बघून म्हणतो, व्रेनी, द्या-द्या-द्याल का? वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते, लाजायचं कशाला? म्हटलं, दिला, हान्सुएली, केव्हाच दिला होकार.

 तो माझ्या मागच्या फांदीकडे बोट दाखवून म्हणाला, हो, तो तर हवाच आहे, पण आधी टॉवेल द्या.

ऑक्टोबरात लग्नाला या दोघं. लोभ उतू जातो आहे, भांडं मोठं आणा.
तुझी व्रेनीताई