बिनशर्त भट्टी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पाव भाजण्याचा, डोके शाबूत असताना आणि कुणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. (मागे लागले असते तर मुळीच लिहिले नसते, हे घरच्यांना ठाऊक आहे.) आधीची मृत्युपत्रे मीच फाडली. हे तरी टिकेल की नाही, देव जाणे. सध्या मन एका जागी बसत नाही.

१. राहते घर थोरल्या मुलाला. तो परगावी असतो. विकले तरी हरकत नाही.

२. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. त्यावरून भांडू नये. भांडण्यात माझ्याइतके पटाईत दोघेही नाहीत.

३. पाव भट्टीत सारायचे लांब दांड्याचे फावडे समोरच्या दुकानवालीला. तिने नाकासमोर दुकान थाटले तेव्हा मी बोटे मोडली. गिऱ्हाइके तिकडे वळली, तेव्हा झक मारत नवे पाव करायला शिकले. ती नसती तर मी अजून तेच वातड पाव खपवत बसले असते. तरी ती माझ्यामागे काय काय बोलली, ते विसरलेले नाही.

४. पीठ फुगवण्याचे आंबवण मागेल त्याला द्यावे. नको म्हणेल त्याच्या गळ्यात मारू नये.

५. धाकट्या भावाला काही नाही. मुले त्याला ठरावमामा म्हणतात, कारण चहात साखर किती, यावरही तो हात वर करायला लावतो. त्याने इथल्या बाकीच्या भट्ट्या एकत्र करून सामाईक भट्टी काढली. मी गेले नाही, समोरचीही गेली नाही.

"ताई, सगळ्यांचं एक झालं की कुणी उपाशी राहणार नाही."

"बारभाईंची खेती, काय लागेल हाती?" मी म्हणाले.

मग सामाईक भट्टीवाल्यांनी गिरणीवाल्याला सांगून माझे पीठ बंद केले. मी दुसऱ्या गावाहून आणले. त्यांच्याकडे दात पडलेल्या मास्तरांनाही तोच कडक पाव, कारण मऊ पावाचा ठराव नामंजूर. करपला तर दोष सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. माझा करपला तर गिऱ्हाईक "नको" म्हणते आणि समोर जाते. त्या "नको"साठी मी जन्मभर भांडले. भाऊ लबाड नाही. स्वतः शिळे खाऊन ताजे दुसऱ्याला देईल. पण आपली माया तो सक्तीने वाटतो, याचा मला राग आहे.

६. भट्टी, दुकान व भांडी मुलीला, या अटीवर की तिने ती सामाईक भट्टीत कधीही सामील करू नये; केल्यास भट्टी पाडून टाकावी.

इथवर लिहून, पीठ मळत असलेल्या मुलीला वाचून दाखवले.

"आई, मला पहाटे उठायचा कंटाळा आलाय. तिकडे कामाच्या पाळ्या असतात, आठवड्याची सुट्टी असते. जाईन किंवा नाही जाणार. अजून ठरवलं नाही."

"म्हणजे माझं आयुष्य मातीत घालणार!"

"मामा निदान मत तरी विचारतो गं. तू तर मेल्यावरही हुकूम सोडणार."

संताप आला. दुपारभर दुकानात येरझाऱ्या घातल्या, दोन गिऱ्हाइकांवर उगीच खेकसले. पण तिचे खरे होते.

सबब कलम ६ मधील "या अटीवर" पासून "पाडून टाकावी" पर्यंतचा मजकूर मी स्वहस्ते खोडला आहे. भट्टी मुलीची. तिने चालवावी, विकावी, मामाला द्यावी, नाहीतर बंद करून खुशाल झोपावे. ती तिकडे गेली तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही. ते सोसणे माझ्या वाट्याचे आहे आणि मृत्युपत्राने ते कुणाला देता येत नाही.

सही: भट्टीवाली

साक्षीदार:
१. धाकटा भाऊ. (वाटा नसल्याने साक्षीला चालतो. खोडलेले वाचून त्याचे डोळे भरले. हे त्याच्यासाठी खोडलेले नाही, असे त्याला बजावले आहे.)
२. मास्तर

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: तीन मार्च, सोमवार