शिडी कुठं होती

अमरावती
दि. १९ ऑगस्ट २०२४

ती. देवीदासकाका यांना रागिणीचा सा. न. वि. वि.

तुमची चौथी वही पोचली. त्यातली 'पुराचा दिवस' ही गोष्ट टाइप करून मागच्या रविवारी गोष्टींच्या अ‍ॅपवर टाकली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून वाचकांचे अभिप्राय नेहमीसारखे वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवते आहे.

काका, आजवर तुमच्या गोष्टी चाळीस-पन्नास लोक वाचायचे. ही सहा हजारांनी वाचली. गल्लीत पाणी चढतं, फुलवाला देवराम आपल्या स्लॅबवरून शिडी खाली सोडतो आणि शेजारच्या रहमतला बायको-पोरीसकट वर घेतो, तो भाग लोक एकमेकांना पाठवत आहेत. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलंय, "अशी माणसं आहेत म्हणून जग चाललं आहे." परभणीच्या एका मास्तरांनी ती वर्गात वाचून दाखवली. एका गृहस्थांनी मात्र "लेखकाने आधी शुद्ध मराठी शिकावे" असा सल्ला दिला. त्यांना मी उत्तरच दिलं नाही. तुमचं उत्तर छापण्यासारखं नसेल हे मला ठाऊक आहे.

आमच्या ह्यांना वाटतं की हे खरंच घडलं असावं. खरं आहे का?

काकूंना नमस्कार. लोभ आहे तेवढा तरी राहू द्या, कमी झाला तर अकोल्याला येऊन भांडेन.

तुमची,
रागिणी

•

जुने शहर, अकोला
दि. २७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रागिणीले काकाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुह्यं पत्र काल भेटलं. सहा हजार माणसं म्हणजे केवढी गर्दी, ते मले डोळ्यासमोर आणता येईना. पत्र घेऊन सकाळी फुलबाजारात गेलो. चहावाल्यानं ते सगळ्यांले वाचून दाखवलं. मले ऐकू आलं नाही, पण लोकांच्या तोंडावरून समजत होतं. हारवाल्यांनी पाठ थोपटली. सोबतच्या कागदातलं मास्तरांचं वाक्य कापून चष्म्याच्या घरात ठेवलं आहे.

शुद्ध मराठीवाल्याले सांग, ज्या भाषेत मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोललो त्याच भाषेत लिहून राहिलो. शुद्ध पाहिजे असलं तर तूप खा म्हणा.

जावईबापूंले सांग, गोष्ट ती गोष्ट. तिच्यात खरं-खोटं काहून पाहायचं? तुह्या काकूले पत्र वाचून दाखवत होतो, तर ती अर्ध्यातूनच उठून कणीक मळायले गेली. तिले गोष्टीतलं काय समजते. पाचव्या वहीत रहमतचं कुटुंब देवरामच्या घरी तीन दिवस राहते, ते लिहून राहिलो. अभिप्राय येतील तसे धाडत जा, एकही गाळू नको.

तुमच्या दोघांवर जीव आहेच, तो कागदावर काय मांडू.

तुहा काका,
देवीदास

•

अमरावती
दि. २३ सप्टेंबर २०२४

ती. काकांना सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. एकही गाळू नको असं तुम्ही बजावलं होतं. मी एक गाळला. गोष्ट टाकल्यावर दहाव्या दिवशी आला होता. या महिन्याच्या आठ तारखेच्या पत्रात "हिंगोलीचे वाचक" आणि "सेलूच्या ताई" म्हणून जे दोन गोड अभिप्राय पाठवले, ते मीच लिहिलेले होते. तुम्ही इतके खूश होता की मला धीर झाला नाही.

गाळलेला अभिप्राय जशाचा तसा देते:

"मी बाळापूरला शाळेत शिकवते. माझे वडील इनायतुल्ला. जुन्या शहरात आम्ही देवीदासकाका फुलवाल्यांच्या शेजारी राहायचो. पुराच्या दिवशी मी सहा वर्षांची होते. अब्बा मला खांद्यावर घेऊन तीन तास कडुलिंबाला धरून उभे होते. वाहत आलेल्या लाकडानं त्यांचा पाय मोडला, तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. मागच्या वर्षी ते गेले. अब्बा नेहमी सांगायचे, देवीदासची शिडी पाण्यात वाहून गेली, नाहीतर त्यानं आपल्याला वर घेतलंच असतं. गोष्टीत शिडी आहे. लेखकांना एवढंच विचारायचं आहे, की शिडी कुठं होती? – जेबा"

काका, मी तो काढून टाकला. तिनं पुन्हा टाकला. तोवर लोकांनी तो पाहिला आणि तिच्यावर तुटून पडले. चांगल्या गोष्टीत विष कालवते म्हणाले. तिच्या नावावरून, जातीधर्मावरून जे लिहिलंय ते मी तुमच्यासाठीसुद्धा उतरवणार नाही. ती कुणालाच उलट बोलत नाही. रोज सकाळी तोच एक प्रश्न पुन्हा टाकते.

तिला मी काय उत्तर देऊ? रागावा, पण लवकर लिहा.

रागिणी

•

अकोला
दि. २८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. रागिणीले आशीर्वाद.

शिडी वर होती. स्लॅबवर, आमच्यापाशी.

तेव्हा गल्लीत आपलंच एक घर पक्कं होतं. दुपारी दोनच्या सुमाराले पाणी चढलं. आपण आणि पलीकडचे मिळून एकवीस माणसं स्लॅबवर होतो. तूही होती, दोन वर्षांची, आईच्या मांडीवर झोपलेली. स्लॅबले एका कोपऱ्यात तडा होता. तुहे बाबा म्हणाले, आता आणखी माणूस चढला तर सगळे खाली जाऊ. मी शिडी वर ओढून घेतली.

मग इनायत आला. छातीएवढं पाणी, खांद्यावर पोरगी, बायकोनं, खुर्शीदबीनं, त्याचा सदरा धरलेला. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "देवीदास, शिडी दे." तेव्हा माहे कान चांगले होते. त्यानं माह्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. तो दुसऱ्यांदा बोलला नाही. तासाभरानं तुहे बाबाच म्हणाले की सोड शिडी, होईल ते होईल. पण तोवर ते तिघं धारेसोबत कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत वाहत गेले होते.

स्लॅब पडला नाही. त्याच्यावर काकू आजही कुरड्या वाळवते.

पाणी उतरल्यावर महिनाभरात ते बाळापूरले गेले. मी एकदाही गेलो नाही. शिडी वाहून गेली असं तो लेकराले सांगत होता, हे मले तुह्या पत्रातून समजलं. जेवण गेलं नाही दोन दिवस.

गोष्ट काहून लिहिली विचारशील. एकदा तरी शिडी खाली सोडून पाहावी वाटलं. लोकांनी शाबासकी दिली, तर ती घेऊन बाजारभर हिंडलो. काकू उठून गेली ते तिले समजत होतं म्हणून.

हे पत्र आहे तसं अ‍ॅपवर टाक, माह्या खऱ्या नावानं. तुह्या बाबांचं बोलणं तेवढं गाळ. शिडी ओढणारे हात माहे होते. आणि त्या पोरीले शिव्या देणाऱ्यांले म्हणा, पत्ता लिहून घ्या, शिव्या इकडं धाडा.

देवीदास

•

अमरावती
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं होतं. तुमचा राग आला, बाबांचा आला. मग मनात आलं, त्या एकवीस जणांत मीही होते. मी जगले त्या स्लॅबवर. पाचव्या दिवशी टाइप करून टाकलं.

या वेळी काहीच गाळलं नाही, सोबतची चार पानं तीच आहेत. खोटारडा, ढोंगी, म्हाताऱ्याला आता पुण्य सुचलं, असं बरंच आहे. नागपूरच्या बाईंनी लिहिलं की तुम्ही त्यांना फसवलं. परभणीच्या मास्तरांनी एवढंच विचारलं, की आता मुलांना काय सांगू. पुण्याच्या एकानं लिहिलं की त्या जागी मीही शिडी ओढली असती, आणि त्यावरून तिथं वेगळंच भांडण लागलं. तिला शिव्या देणाऱ्यांपैकी दोघांनी आपलं लिहिलेलं काढून घेतलं. बाकीच्यांनी नाही.

जेबानं एकच ओळ लिहिली: "म्हणजे अब्बांना माहीत होतं."

त्यानंतर ती तिथं आलेली नाही. मी तिला खाजगी संदेश पाठवून क्षमा मागितली, अभिप्राय काढून टाकला त्याबद्दल. तिनं उत्तरात फक्त बाळापूरचा पत्ता दिला. तो पानाच्या मागं लिहिला आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सोबत येऊ का?

काकूंना जपा, स्वतःलाही. राग उतरला नाही, पण तुम्ही माझे काका आहात.

रागिणी

•

अकोला
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रागिणीले काकाचे आशीर्वाद.

तुले कळवलं नाही, कारण एकट्यानंच जायचं होतं. शुक्रवारी एसटीनं बाळापूरले जाऊन आलो. काकूनं शेवंतीचा हार करून दिला होता, तो पिशवीतून काढायची हिंमत झाली नाही.

जेबानं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मले ऐकू येत नाही हे समजल्यावर शाळेची वही आणली आणि त्यात लिहून बोलली. मी पत्रातलं सगळं तिच्यासमोर पुन्हा सांगतलं आणि हात जोडले. तिनं लिहिलं, "माफी अब्बांकडं होती. माझ्याकडं नाही." खुर्शीदबी आतल्या खोलीत होती. पडदा हलला नाही.

मी उठलो. तर तिनं बस म्हणून खूण केली. मग लिहिलं, "मला अब्बा लंगडतानाच आठवतात. तुम्ही त्यांना पळताना पाहिलं आहे?"

पाहिलं होतं ना. ते पाहिलेलं आता कोण उरलं आहे, मी आणि खुर्शीदबी. मी सांगतलं, मूर्तिजापूरवरून आम्ही दोघं छोट्या रेल्वेगाडीनं दर्यापूरच्या बाजाराले फुलं नेत होतो. एकदा गाडी सुटली आणि इनायत डोक्यावर फुलांची टोपली घेऊन रुळाच्या कडेनं असा पळाला की गाडीतली माणसं खिडकीतून टाळ्या वाजवत होती. चढला तेव्हा हसत होता. ते सांगताना माह्यानं राहवलं नाही, ओसरीवर पळून दाखवलं, या वयात. पोरगी तोंडावर ओढणी धरून रडत होती आणि हसतही होती.

तेवढ्यात ती आत गेली. कोणीतरी हाक मारली असंल. बाहेर येऊन तिनं वहीत लिहिलं, "अम्मी म्हणते, टोपली नव्हती. धोतरात बांधलेलं गाठोडं होतं."

परत या असं मले कोणी म्हटलं नाही. मी निघालो.

घरी आल्यावर त्या पळण्याची गोष्ट लिहिली, ती सोबत आहे. गाठोडंच लिहिलं आहे. ही अ‍ॅपवर टाकू नको. एकच प्रत कर आणि बाळापूरच्या पत्त्यावर धाडून दे. कोण्या शब्दावर रेघ मारून ती प्रत तिथून परत आली, तर ती मले जशीच्या तशी पाठव.

बाकी काय लिहू. माया ठेव.

तुहा काका,
देवीदास