भुत्याच्या माळाचे खरे नाव

मी चाँदबी कोम लालासाब तांबोळी, राहणार कांडोळाचा माळ, पेटा पन्हाळा, इलाखा करवीर. अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्या मागे काय व्हावे ते स्वखुशीने लिहवून ठेवते, ते येणेप्रमाणे:

१. हा माळ भ्रताराने हयातीतच माझ्या नावे केला. तो, वरची खोपी आणि डिंक काढायचा कोयता माझी लेक सुगरा हिला द्यावा.

२. लोक याला भुत्याचा माळ म्हणतात. इथे भूत नाही, कधी नव्हते. कांडोळाचे झाड आहे. उन्हाळ्यात पाने झडली की पांढरे खोड अंधारात उठून दिसते, एवढेच. त्यावरून झाडाला भुत्या म्हणू लागले, झाडावरून माळाला. सासरच्यांनी "भुत्याच्या माळावरची" म्हणून सुगराला परत धाडले. कुंपणाच्या चिंचेलाही विलायती म्हणतात. बी वेंगुर्ल्याच्या गाडीवानाने दिले होते, तिने कुठली विलायत पाहिली! पण तिच्या नावापायी कोणाची लेक घरी बसली नाही.

३. दिराचा मुलगा बाबालाल याला काही देऊ नये. गेल्या चैत्रात माळ बळकावायला नांगर घेऊन आला. दिवस मावळला, खोड दिसले, आणि "आगं चाची, भूत हाय की!" करत नांगर टाकून पळाला. तो नांगरही सुगराचा. बाबालाल कागदाला भीत नाही. मी गेले की तो पुन्हा येणार. सुगरा एकटी, आणि तीसुद्धा झाडाकडे पाठ करून निजते. या काळजीने मला मरणही धड येत नाही.

४. जन्मभर घसा फोडून खरे सांगितले, कोणी ऐकले नाही. आता सांगू नये. आकाराम, तू हे लिहिलेस, तूही तोंड मिटून ठेव. कलम दोन फक्त सुगराला वाचून दाखवावे. मला कब्रस्तानात नेऊ नये, त्याच झाडाखाली दफन करावे. गावाला भूत पाहिजेच असेल तर ते मी. सुगरा, भिऊ नकोस पोरी, तिथे तुझी आई आहे.

निशाणी अंगठा: चाँदबी

साक्ष: जोतीराम, शेजारी. ("सही करतो की, पर झाडाकडं बघायचो न्हाय," असे म्हणून पाठ फिरवून सही केली.)

साक्ष: हंबीरराव, खालच्या मळ्यातले

हस्ताक्षर: आकाराम

तारीख: १२ मार्च १९०८

ठिकाण: भुत्याचा माळ