सामन्याच्या गावचं पाणी

बाबा, काल आमच्या घरी चार पंच जेवले. गावात कबड्डीचे सामने होते. आता मातीत खेळत नाहीत, मॅट अंथरतात, आणि पंच एकसारखे टीशर्ट घालून गाडीतून येतात. तुमचे जावई आयोजकांमध्ये आहेत, त्यामुळे पंचांचं जेवण आमच्याकडे. मी भरली वांगी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शिरा केला होता. एकाने ठेचा पुन्हा मागून घेतला आणि डोळे पुसत पुसत खाल्ला. मग ते मैदानावर गेले आणि त्यांनी सामना अगदी चोख पार पाडला. आमचं गाव थोडक्यात हरलं, तरी पंचांच्या नावाने कुणी ब्र काढला नाही. रात्री भांडी आवरताना मला आधी तुमचाच राग आला. जेवूनही शिटी सरळ वाजवता येते, मग तुम्हाला काय झालं होतं? राग फार टिकला नाही. तो गेल्यावर जे उरलं, ते घेऊन आता लिहायला बसले आहे.

तुम्ही पंचाचं काम सुरू केलंत तेव्हा पंच म्हणजे गावात जो रिकामा सापडेल तो. कधी गुरुजी, कधी सरपंचांचा साडू. सामना निकालाने कमी आणि मारामारीने जास्त संपायचा. गुडघा मोडून तुमचं खेळणं सुटलं, तेव्हा तुम्ही पंचाची परीक्षा दिलीत, आणि भाडं नि मानधन देऊन बाहेरून बोलावला जाणारा आपल्या भागातला पहिला पंच झालात. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधली नोकरी होतीच, पण सामन्यांच्या दिवसांत रजा टाकून आज अकोला, उद्या भुसावळ. "शिटी फुकून पोट भरते हा मानूस," असं लोक हसत म्हणायचे. तुमच्या पांढऱ्या कपड्यांना नीळ देता देता आईही तेच म्हणायची, फक्त न हसता. तुमचा नियम एकच. ज्या गावचा संघ आपल्यासमोर खेळणार, त्या गावचं पाणीही घ्यायचं नाही. डबा घरचा, पाणी घरचं. लहानपणी एकदा बीबी गावाजवळच्या एका खेड्यात मी तुमच्याबरोबर आले आहे. कुणीतरी माझ्या हातात पेरू ठेवतं. मी अर्धा खाते, तेवढ्यात तुम्ही पाहता.

"वापस दे तो."

"उष्टा हाये, बाबा."

"उष्टाच दे."

मी तो अर्धा पेरू परत नेऊन देते आणि तो बिचारा माणूस पेरू हातात धरून उभा राहतो. तेव्हा खूप रडले. पुढे हीच गोष्ट सांगून मैत्रिणींना हसवत राहिले.

माझ्यासाठी नवराही तुम्ही मैदानावरच शोधलात. मोताळ्याकडच्या संघाचा कप्तान. तुमच्या नजरेतून निसटलेला स्पर्श त्याने स्वतः हात वर करून कबूल केला आणि मैदानाबाहेर गेला. "पोरीले असा मानूस पाह्यजे," तुम्ही घरी येऊन म्हणालात. माणूस चांगलाच निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा संघ जिकडेतिकडे अंतिम सामन्यात, आणि अंतिम सामन्याला पंच तुम्ही. जावई खेळतो आणि सासरा शिटी वाजवतो, तरी समोरचे कधी हरकत घ्यायचे नाहीत. हा माणूस लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या सासरी मात्र ते सुरुवातीला झाकून गेलं. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही, ही जुनी रीत आहेच. सासूबाईंना वाटलं, व्याही रीतीचे पक्के दिसतात. मग मला मुलगा झाला आणि ती सबब संपली.

नातवाच्या जावळाला तुम्ही आलात. त्याला मांडीवर घेतलंत, त्याच्या पायांत वाळे घातलेत. आई पंगतीला बसली, तुम्ही मात्र वाढलेल्या ताटाला हात जोडलेत. सासूबाईंनी सगळ्या बायकांदेखत विचारलं, "काऊन हो इवाई, आमच्या घरच्या पान्यात जहर हाये काय?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "तसं नाही, इहीनबाई. तुमच्या पोराच्या सामन्याले मी पंच हाये." कुणीतरी फिसकन हसलं. पंच आहे म्हणून उपाशी राहणारा बाप कुणाला कळणार होता? मी तुमच्या मागोमाग फाट्यापर्यंत आले. बसची वाट पाहत तुम्ही लिंबाखाली डबा सोडून बसला होता.

"बाबा, तुमाले शिटी मोठी का पोरगी मोठी?"

"असं काऊन इचारतं, बाई?"

"लोकं मले इचारून राह्यले. मी त्यायले काय सांगू?"

तुम्ही डबा बंद केलात, बस आली आणि तुम्ही गेलात.

पुढच्या हंगामात आमच्या गावी सामने भरले तेव्हा तुम्ही साध्या चौकडीच्या शर्टात, मोकळ्या हातांनी दारात उभे. "पंचाचं काम सोडलं म्या. वाढ, भूक लागली," इतकंच म्हणालात. मी म्हटलं, आमच्या गावचे तेवढे सामने सोडायचे होते. त्यावर तुम्ही पाटावर बसता बसता म्हणालात, "एका घरी जेवलो का मंग बाकीच्यायनं भरवसा काऊन ठेवाचा?" मैदान घरामागेच होतं. शिटी ऐकू आली की तुमचा घास हातातच थांबायचा. एकदा तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "उशिरा वाजवली," आणि मग भाजी मागून घेतलीत. जेवण झाल्यावर नातवाला घेऊन ओट्यावर बसलात. मैदानाकडे फिरकला नाहीत.

त्यानंतर तुम्ही हयात होता तितकी वर्षं सणावाराला येऊन जेवत राहिलात. आई सांगायची, हंगाम सुरू झाला की हा माणूस अंगणात नुसत्या येरझारा घालतो. बाहेरगावची बोलावणी आधी कमी झाली, मग बंदच पडली. मी म्हणायचे, आता वय झालं त्यांचं. कुठलं वय! जिनिंगमध्ये तुम्ही अजून पोती मोजून घेत होता. तुमच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं एकच काम होतं, ते मी एका जेवणासाठी मागितलं आणि तुम्ही देऊन टाकलंत. याची मला लाज वाटते, बाबा. काल त्या पंचांची भांडी आवरताना पहिल्यांदा इतकी वाटली.

या पत्राला पत्ता असता तर मी माफी मागून इथेच थांबले असते. पत्ता नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तुम्ही काय सोडून आलात ते मला त्याच दिवशी, तुम्ही पाटावर बसलात तेव्हाच कळलं होतं. तरी मी, सासूबाईंना नीट दिसेल अशा बेताने, तुमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. जिंकल्यासारखं वाटलं होतं.