न मारलेल्या किड्यांची पेटी

॥ जय जिनेंद्र ॥

कोल्हापूर, ता. ८ ऑगस्ट

तीर्थरूप आण्णांच्या चरणी आदितीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून हसू नका. बोर्डिंगात मोबाईल चालत नाही, आणि रविवारी ऑफिसच्या फोनवर जरा जास्त बोललं की मागच्या मुली उसासे टाकतात. निवांत सांगायचं तर पत्रच बरं.

अकरावीला उद्यानविद्या घेतली म्हणून आई अजून रुसून आहे का? तिला सांगा, मी गुलाबावर डोळा भरायला, म्हणजे एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीखाली बसवायला शिकले. आमच्या राजनंदिनी मॅडमचा हात इतका हलका आहे की साल उचलली तरी फांदीलाही कळत नसेल. मी भरलेले डोळे आधी सगळे वाळले, मग एकाला कोंब फुटला. त्या दिवशी मी जेवताना पण त्याचंच बोलत होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरची वर्षाराणी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसली. ती धो धो पावसाच्या गगनबावड्याची आहे. इथल्या पावसाला ती पाऊस मानत नाही.

आता खरी गोष्ट. प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं कीटकांची पेटी करायची आहे. भुंगे, नाकतोडे, फुलपाखरं जाळीनं पकडायची, औषधाच्या बरणीत मारायची आणि टाचणीनं पेटीत बसवायची. मी एक पिवळं फुलपाखरू पकडलं. बरणीचं झाकणही काढलं. पण आण्णा, मला जमलं नाही. सोडून दिलं आणि मॅडमना हातातून सुटलं म्हणून सांगितलं. पेटी नसेल तर प्रात्यक्षिकात नापास. काय करू? आईला हे वाचून दाखवू नका, ती लगेच कॉमर्सला घाला म्हणेल.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.

आपली,
आदिती


कुरुंदवाड, ता. १४ ऑगस्ट

चि. आदितीस आण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आईला दाखवू नका म्हणालीस, पण पोस्टमनकडून पाकीट तिनंच घेतलं आणि तिनंच फोडलं. ती म्हणाली, ह्यासाठीच मी नको म्हणत होते, शेतात काय कमी जीव मरत्यात, आता पोरीनं शाळेत बसून मारायचे व्हय? हे वर्ष संपलं की तिला काढा तिथनं. मी मध्ये बोललो असतो तर चहा मिळाला नसता.

तुला दोन गोष्टी सांगतो. मी वांग्यावर औषध मारतो, काकडीवर मारतो. मारताना खाली बघत नाही. तेव्हा वर्गातली पोरं किडे मारतात म्हणून त्यांना नावं ठेवू नको. दुसरं, हातातून सुटलं म्हणालीस ते मला पटलं नाही. मला मारायचं नाही, असं मॅडमना सरळ सांग. दुसरी वाट आहे का विचार. नसली तर मार्क गेले तर जाऊ देत.

तुझं पत्र खिशात घालून शेतात गेलो होतो. बांधावर परत वाचलं. फुलपाखरू सोडलेलं वाचून बरं वाटलं, एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर तू शेफारशील.

खुशाली कळवत जा.

तुझे,
आण्णा


कोल्हापूर, ता. ५ ऑक्टोबर

तीर्थरूप आण्णांस आदितीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मॅडमना खरं सांगितलं. खोटं बोललीस ते आवडलं नाही म्हणाल्या, आणि तिथंच तो विषय संपवला. मग म्हणाल्या, बाहेरून परीक्षक येतात, त्यामुळे पेटी काही मला माफ करता येणार नाही. पण किडे मारलेलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? आपले आपण मेलेले शोध की.

तेव्हापासून मी रोज सकाळी फिरते. फाटकाच्या ट्यूबलाइटखाली, पॉलिहाऊसच्या कोपऱ्यात, कोळ्याच्या जाळ्यात. वर्गातला आदर्श मला मयतवाली म्हणायचा. आता तोच काडेपेटीतून मेलेले भुंगे आणून देतो. मेलेला किडा वाळून कडक होतो, पंख पसरायला जावं तर पायच मोडतो. मॅडमनी त्याला ओल्या वाळूच्या डब्यात झाकून ठेवायला शिकवलं, म्हणजे मऊ पडतो. माझ्या पेटीसाठी त्या स्वतः वाळू चाळत बसल्या होत्या. अशी बाई मी पाहिली नाही.

मागच्या आठवड्यात शाळेच्या काकडीखाली ओंजळभर मधमाश्या मरून पडलेल्या दिसल्या. पेटी भरणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण त्यातली एकही पेटीत लावावीशी वाटली नाही. सकाळी फुलं उमलल्यावर, माश्या फुलांवर असतानाच औषध मारलं होतं. मॅडमना नेऊन दाखवलं. त्यांनी माश्या हातावर घेऊन निरखून पाहिल्या. चूक आपली आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. आता शाळेत माश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळी औषध मारतात.

आण्णा, आपल्या काकड्या वाकड्या होतात आणि व्यापारी त्या बाजूला काढतो. मॅडम म्हणतात, फुलावर माशी पुरेशी बसली नाही तर काकडी वाकडी होते. तुम्हीही औषध सकाळीच मारता. एकदा वेलाखाली बघाल का?

आईची समजूत तुम्हीच काढा, मला भीती वाटते.

आपली,
आदिती


कुरुंदवाड, ता. १६ नोव्हेंबर

चि. आदितीस आण्णाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मला थोडा राग आला. पंचवीस वर्षं मी काकडी करतोय आणि अकरावीची पोरगी मला शिकवतेय. राग चार दिवस टिकला. मग सकाळी औषध मारायच्या आधी वेलाखाली जुनं पांढरं धोतर पसरलं. पंप मारायला येणारा आकाराम म्हणाला, पाहुणं जेवायला येणार हायत काय? दुपारी दोघं बघायला गेलो. धोतरावर माश्या पडल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या.

मी खाली बघत नाही म्हणून तुला लिहिलं होतं. तू बघायला लावलंस. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. शेफारलीस तरी चालेल.

आता संध्याकाळी मारतो. पण औषध मारून अंघोळ होईतोवर दिवस मावळतो, आणि दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा आपला नेम, म्हणून माझं जेवण राहतं. दोनदा उपाशी झोपलो. आई म्हणते, पोरीच्या शाळेपायी बाप उपाशी, असलं शिक्षण कुणी बघितलं न्हाय. तिची समजूत माझ्यानं निघायची नाही.

तब्येत सांभाळ.

तुझे,
आण्णा


कोल्हापूर, ता. २० मार्च

तीर्थरूप आण्णांस व आईस शि. सा. नमस्कार वि. वि.

प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाकीच्यांच्या पेट्यांत फुलपाखरं नवीन कापडासारखी दिसत होती. माझ्या पेटीत कुणाचा पंख फाटलेला, कुणाची मिशी नाही, आणि खालची ओळ रिकामीच. परीक्षकांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, पेटी अपुरी आहे, मार्क कापावे लागतील. कापले. मग त्यांनी मधमाश्यांचं सगळं विचारून घेतलं आणि मॅडमना म्हणाले, ह्या मुलीला पुढं शिकवा. मी पास आहे. सगळ्यात जास्त मार्क आदर्शला पडले, त्यानं पेढे वाटले.

बारावीचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचा आहे. आई काय म्हणते ते कळवा. ती नाही म्हणाली तर मी हट्ट करणार नाही, पण मला इथंच राहायचं आहे.

आपली,
आदिती


कुरुंदवाड, ता. २५ मार्च

चि. आदिती, तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

आण्णा लिहितो म्हणत होते, मी कागद काढून घेतला. माझं अक्षर लागलं नाही तर वर्षाराणीकडून वाचून घे.

उन्हाळी काकडी सुरू झाली. सगळीच सरळ हाय असं न्हाय, पण व्यापारी आता कमी काढतोय. आण्णा उपाशी झोपायला लागल्यावर मी दोन महिने बडबड केली. मग एक दिवस भाकरी बांधून मीच शेतात गेले. आता औषध असलं की मी उन्हं असतानाच जेवण नेते. त्यांनी बांधावर बसून जेवायचं आणि मग पंप घ्यायचा. ते जेवतात तोवर मी वेलाकडं बघत बसते. माश्या एकेक करून जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या शेतात राबतेय, पण माश्यांची घरी जायची वेळ मला ठाऊक नव्हती.

अर्ज भर. त्याच विषयाचा भर.

परवा आकाराम लवकर पंप भरून आला. फुलावर अजून माश्या होत्या. मी त्याला बांधावर बसवलं, भाकरी-भाजी वाढली आणि म्हटलं, त्या जाईस्तोवर सावकाश जेव.

सुट्टी लागली की ये.

तुझी,
आई